अंबाड्यातली फिल्म

"कूमी, दार लाव आणि इकडे ये," मार्ज म्हणाली.

मी दार लावलं. माझं नाव कुमुद टिपणीस, पण त्या टीव्ही स्टेशनात पहिल्याच आठवड्यात त्याचा चेंदामेंदा होऊन कूमी झालं होतं. मीही ओ द्यायला लागले होते. परदेशात माणूस नावापासूनच नमतं घ्यायला शिकतो.

टेबलावरच्या छोट्या पडद्यावर मार्ज फिल्म मागेपुढे करत होती. हाताने फिरवायचं यंत्र होतं ते. हळू फिरवलं की माणसं हळू चालायची, उलटं फिरवलं की उलटी. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीसमोरचा रस्ता दिसत होता. धूर, पळणारी पोरं, आणि मधोमध पिवळं जाकीट घातलेला एक मुलगा. हेल्मेट घातलेल्या एका पोलिसाने त्याचा दंड धरला होता. दोघं पोलिसांच्या बंद गाडीपाशी गेले, मुलगा आत चढला, दार लागलं. संपलं.

"चालतोय," मार्ज म्हणाली.

"हो."

"स्वतःच्या पायांनी."

"हो, मार्ज."

"मग आत्ता बाराच्या बातम्यांत पोलीसप्रमुख काय बरळला, ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. एकोणीसशे सत्तरचा वसंत. व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली होती, आणि आमच्या त्या पोलादी कारखान्याच्या लहानशा गावातही आदल्या दिवशी मोर्चा निघाला होता. त्यातला डेनिस कोवॅच नावाचा मुलगा त्या दिवशी सकाळी इस्पितळात वारला. पोलीसप्रमुखाने सांगितलं, पळता पळता लायब्ररीच्या दगडी पायऱ्यांवरून पडला, डोकं फुटलं, आम्ही त्याला पकडलं नाही की हात लावला नाही. आणि टीव्हीवर त्याचा फोटो दाखवला होता. कॉलेजातला, पिवळ्या जाकिटातला.

"ही पट्टी कापून ठेव. सहाच्या बातम्यांत घालायला मी वर जाऊन परवानगी आणते," मार्ज म्हणाली. "आणि जपून. दुसरी नाही."

ते मला माहीत होतं. त्या काळी बातम्यांच्या फिल्मला निगेटिव्ह नसायची. कॅमेऱ्यातून निघालेली तीच धुवायची, तीच कापायची, तीच संध्याकाळी दाखवायची. ती गेली की गेली.

मार्ज साठीची होती, विधवा, ओठांत कायम सिगरेट. मला कापायला आणि जोडायला तिनेच शिकवलं. बिनात, म्हणजे कापलेले तुकडे टाकायच्या पिंपात, टाकलेला तुकडा हरवतो, गळ्यात घातलेला हरवत नाही, हा तिचा नियम. म्हणून काम करताना आम्ही दोघी फिल्मच्या पट्ट्या गळ्यात घालून वावरायचो. पहिल्यांदा मला अशी बघून अच्युत, माझा नवरा, म्हणाला होता, "हारतुरे कशाबद्दल, टिपणीसबाई?"

मी ती दहा सेकंदांची पट्टी कापली, गळ्यात घातली आणि रिळाची दोन टोकं जोडून टाकली. तेवढ्यात फोन वाजला. मार्जच होती, पण आवाज ओळखू येईना.

"पोलीस खाली येतायत, कूमी. मॅनेजरने सगळं द्यायला सांगितलंय. रीळ, तुकडे, बिनातला कचरासुद्धा. मी त्याला म्हटलं, हे त्यांना दिलं तर पुन्हा कुणाला दिसणार नाही. तो म्हणाला, मार्ज, तू घरी जा." मग हळूच म्हणाली, "मला खाली येऊ देत नाहीयेत."

फोन बंद झाला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. मी मुळात भित्री. झुरळाला भिते, वरिष्ठांना भिते, आणि इमिग्रेशनच्या पाकिटाला तर न फोडताच भीत असे. आमचं सगळं बस्तान अच्युतच्या विद्यार्थी-व्हिसावर होतं. त्याची पीएचडी अजून वर्षभर बाकी, आणि मला कामाची परवानगी मिळाली होती तीही त्याच्याच जिवावर. तेव्हा पुढे मी जे केलं ते शूरपणाने केलं असं कुणी समजू नये. जिन्यावर बूट वाजले आणि माझे हात आपोआप चालायला लागले.

माझे केस पातळ. अंबाडा घालायचा तर गंगावन लागायचं, आणि तेवढ्यानेही भागायचं नाही म्हणून आत एक जुना काळा स्टॉकिंग गुंडाळून भरायची. तो स्टॉकिंग मी उपसून काढला, फिल्मची घट्ट गुंडाळी करून त्या जागी कोंबली, वरून गंगावन ओढलं आणि हाताला लागतील तेवढे आकडे खोचले. पहिला आकडा डोक्यातच रुतला. मी ओरडलेसुद्धा नाही.

दार न वाजवताच दोघं आत आले. एक गणवेशातला पोलीस, हातात कागदी पिशव्या. दुसरा करड्या सुटातला, मध्यमवयीन, नीट भांग पाडलेला. कुठल्या खात्याचा ते त्याने सांगितलं नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

"घाबरू नका," तो म्हणाला. त्यामुळे मी जास्तच घाबरले.

पोलिसाने बिन उलटा केला. खिळ्यांवर लटकवलेले तुकडे ओरबाडून पिशवीत भरले. सुटवाल्याने माझी पर्स टेबलावर ओतली. रुमाल, बसची तिकिटं, कुंकवाची डबी. डबी उघडली आणि बोट लाल झालं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कपाळाला लावतो आम्ही," मी म्हणाले.

मग त्याने माझा डबा उघडला. पोळी आणि लसणाची बटाट्याची भाजी. त्याने वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. कोटाचे खिसे पाहिले, अस्तर चाचपलं. आणि मग टेबलाच्या कडेवरून त्याने दोन बोटांनी तो काळा स्टॉकिंग उचलला.

घाईघाईत तो मी तिथेच टाकला होता.

"हे काय?"

"माझा आहे."

"तुमचा?"

"हो. माझा... आतला."

तो कानापर्यंत लाल झाला. चटका बसावा तसा त्याने स्टॉकिंग खाली टाकला. पोलीस तोंड फिरवून छताकडे बघायला लागला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून हसून मेले असते.

पण तो गडी कच्चा नव्हता. त्याने रीळ यंत्रावर चढवलं आणि हळूहळू फिरवायला लागला. जोडापाशी येऊन थांबला.

"इथे जोड आहे."

"हो."

"ताजा दिसतो."

"रोज जोडतो आम्ही. कामच आहे ते."

"काय कापलंत?"

"कॅमेरा सुरू होताना पांढऱ्या चौकटी येतात. उजेड शिरलेल्या. त्या कापतो." हे खोटं नव्हतं, फक्त त्या जोडाबद्दल नव्हतं. "त्या तुमच्या पिशवीत असतील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी टेबलाचा काठ घट्ट धरला होता.

"तुमचे यजमान युनिव्हर्सिटीत आहेत ना?"

"हो."

"चांगली आहे युनिव्हर्सिटी. शिक्षण पुरं करायचं असेल त्यांना."

मी मान हलवली. तिथेच घात झाला. एक आकडा सुटला आणि टणकन फरशीवर पडला. अंबाडा एका बाजूला घसरला.

"तुमचे केस सुटतायत," तो म्हणाला. वाकून आकडा उचलून त्याने माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. एका हाताने अंबाडा दाबून धरला आणि दुसऱ्याने आकडा खोचला. आत फिल्म चुरचुरली. मला ती इतकी मोठ्याने ऐकू आली की त्याला आली नाही याचं आजही नवल वाटतं. त्याने रीळ डब्यात घातलं, डबा बगलेत मारला आणि दोघं निघून गेले.

पाच वाजता मी बाहेर पडले तेव्हा मार्ज रस्त्यापलीकडे सिगरेट ओढत उभी होती. तिची नोकरी गेली होती. पुठ्ठ्याचं खोकं पायाशी. तिने मला काही विचारलं नाही. समोर बघतच बोलली.

"त्या पट्टीचं काय झालं ते मला सांगू नकोस. माहीत नसेल तर मला खोटं बोलावं लागणार नाही. पण ती कुणाकडे असेल, तर त्याने स्टेशनला देऊ नये, पेपरवाल्यांनाही नको. पेपरचा मालक, आमचा मॅनेजर आणि तो पोलीसप्रमुख शनिवारी एकत्र गोल्फ खेळतात. त्या पोराच्या आईला द्यावी. वकील तिला करू दे."

बसमध्ये मी खिडकीला डोकं न टेकता ताठ बसून आले.

घरी अच्युत भाताचा कुकर लावत होता. मी स्वयंपाकघरातच आकडे काढले आणि ती गुंडाळी ओट्यावर ठेवली. तिला खोबरेल तेल लागलं होतं. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग गॅस बंद केला.

"तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणी नाही."

"मग? त्याने माझं नाव घेतलं ना? युनिव्हर्सिटी म्हणाला ना? अगं, एक फोन गेला की माझा गाइड मला ओळखसुद्धा दाखवणार नाही. महिन्याभरात परत मायदेशी, ठाण्याला. तुला ठाऊक आहे का हे?"

"ठाऊक आहे."

"त्यांचा देश, त्यांची लढाई, त्यांचं पोर, त्यांचे पोलीस. तू कोण त्यात?"

"मी कोणी नाही. फक्त माझ्याकडे आहे ती."

"मग टाकून दे. नाहीतर मी टाकतो."

त्याने हात पुढे केला. मी दिली नाही, पण मागेही घेतली नाही. तो त्या गुंडाळीकडे बघत उभा राहिला आणि पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण अच्युतला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही भात तसाच ठेवला.

सकाळी मी उठले तेव्हा तो टाय बांधत होता. फोनच्या पुस्तकातलं पान फाडून खिशात घातलं होतं.

"गावात कोवॅच तीनच आहेत," तो म्हणाला. "कारखान्यामागे राहतात ते असणार. मी गाडीत बसेन. पाच मिनिटांत बाहेर ये. नाही आलीस तर हॉर्न वाजवेन."

एका ओळीतली सारखी लाकडी घरं होती. कोवॅचांच्या दाराला काळी फीत बांधलेली. दार एका धिप्पाड माणसाने उघडलं, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, हाताला साबणाचा फेस. डोळे रडून सुजलेले.

"मी स्टीव्ह. डेनिसचा मामा," तो म्हणाला. "या, आत या. तुम्ही त्याच्या कॉलेजातल्या का?"

मी हो म्हणाले. त्याने माझा कोट घेऊन जपून खुंटीला अडकवला. मला वाटलं, निदान या घरात तरी एक भलं माणूस आहे.

आई स्वयंपाकघरात बसली होती. ओट्यावर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेली झाकलेली भांडी, एकालाही हात लागलेला नव्हता. हेलन कोवॅच बारीक चणीची होती, पन्नाशीची असेल. तिने मला बसायला सांगितलं आणि स्टीव्हने माझ्यापुढे कॉफी ठेवली.

"मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय," मी म्हणाले.

"बोला की," स्टीव्हच म्हणाला. "मी ट्रकमधल्या खुर्च्या उतरवतो. संध्याकाळी माणसं यायचीत." जाताना त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

तो गेल्यावर मी पट्टी काढली. रात्रीत स्पिरिटने पुसून तेल काढलं होतं, पण आकड्यांचे ओरखडे तसेच होते. भिंग दिलं, खिडकीकडे धरून कसं बघायचं ते दाखवलं. काय आहे ते सांगितलं. तिने पट्टी उजेडाकडे धरली आणि एकेक चौकट सरकवायला लागली.

"हे त्याचं जाकीट."

"हो."

"चालतोय."

"हो, मिसेस कोवॅच."

ती रडली. भिंग खाली न ठेवता रडली. मला उठून जावंसं वाटत होतं. माझं काम झालं होतं, बाहेर अच्युत घड्याळ बघत असणार होता.

"बघा तरी," ती म्हणाली. "हसतोय हा. पोलिसाकडे मान वळवून हसतोय. काहीतरी सांगतोय त्याला. असा कसा हसेल?"

मी यंत्रावर ती पट्टी कितीदा पाहिली होती. पाय पाहिले होते, मुलाचं हसू पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

तिने पट्टी आणखी सरकवली. शेवटच्या चौकटी. गाडीचं दार, आणि दाराच्या मुठीवर पोलिसाचा हात. तिथे ती थांबली. रडणं एकदम थांबलं.

"हेल्मेट घातलं की सगळे सारखेच दिसतात," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "सगळे सारखे दिसत नाहीत. हा हात सरळ होत नाही. लहानपणी नासपतीच्या झाडावरून पडला होता. मी त्याला सांभाळत होते, माझी नजर चुकली. हाड वाकडं जुळलं. आई मरेपर्यंत मला बोल लावत होती."

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय. मग तिची नजर गेली तिथे माझीही गेली. खिडकीबाहेर स्टीव्ह ट्रकमधून खुर्च्या उतरवत होता. एका हातात चार. कोपरात वाकलेल्या दुसऱ्या हातात दोनच.

"मला म्हणाला, त्या दिवशी ड्यूटी नदीच्या पुलावर होती," ती हळूच म्हणाली. "शपथेवर म्हणाला. इथेच बसून."

मी ती पट्टी पोलिसांपासून लपवून आणली होती आणि पोलिसाच्याच घरात आणून दिली होती. त्याने मला पाहिलं होतं. माझा कोट त्याने खुंटीला लावला होता. त्याने ती पट्टी हिसकावून घेतली असती तर आम्ही दोघी काय करणार होतो?

"मी जाते," मी म्हणाले.

मागचं दार उघडलं. "हेलन, खुर्च्या कुठे मांडू?"

"राहू दे त्या. इकडे ये."

तो हात पुसत आला. तिने भिंग आणि पट्टी त्याच्यापुढे धरली. "या बाईंनी डेनिसचा फोटो आणलाय. शेवटचा. बघ."

"डेनिसचा?" त्याचा चेहरा इतका उजळला की मला ते बघवेना. तो खिडकीशी वाकला आणि भिंगाला डोळा लावला. त्याची अवजड बोटं फार हळू पट्टी सरकवत होती.

मग बोटं थांबली. त्याने डोकं वर केलं नाही. मी मनात दाराकडची पावलं मोजत होते. पट्टी त्याच्या हातात होती. मूठ आवळली असती तरी पुरे होतं.

"तो चालत होता, स्टीव्ह," हेलन म्हणाली.

खिडकीची काच त्याच्या श्वासाने धुरकट झाली.

"तुझ्याकडे बघून हसत होता."

"मला वाटलं, त्याला बाहेर काढावं," तो म्हणाला. तोंड खिडकीकडेच. "रस्त्यावर सगळे काठ्या चालवत होते. मी त्याला म्हटलं, गाडीत बसून राहा पोरा, संध्याकाळी मी घरी सोडतो. तो म्हणाला, आईला सांगू नकोस. हसला." मग म्हणाला, "गाडीत आधीच आमची पोलिसातली माणसं होती. मला दिसली. तरी दार मीच लावलं."

"मग?"

"मी बाहेर उभा होतो, हेलन. मला सगळं ऐकू येत होतं."

हेलनने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली. त्याने सहज सोडली. तिने ती नीट गुंडाळून आपल्यापुढे ठेवली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. पहिल्यापासून सांग. नावं सांग."

मी कोटाकडे निघाले होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "तो माझा भाऊ आहे. उद्या मी विसरायला बघेन. दुसऱ्या कुणीतरी ऐकलेलं असू दे."

आयुष्यात मला कुठूनही इतकं पळून जावंसं वाटलेलं नाही. बाहेर अच्युतने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. स्टीव्हने पहिलं नाव घेतलं, आणि मी खुर्चीवर बसले.